गोल्फचा शाफ्ट नेमका कधी वाकतो, कुठल्या बाजूला वाकतो आणि लॅगचं काय?

रानवारा

गोल्फच्या रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, कुणाच्याही शेजारी थोडा वेळ उभं राहा, दोन सल्ले हमखास कानावर पडतात. पहिला, 'लॅग धरून ठेव, अगदी शेवटी सोड.' दुसरा, 'शाफ्ट मागे वाकला पाहिजे, तो सरळ होताना चेंडूला झटका देतो, लांबी तिथून येते.' (शाफ्ट म्हणजे क्लबचा दांडा. लॅग म्हणजे क्लब खाली येताना हात आणि क्लब यांच्यात टिकलेला कोन.) देणारे मनापासून देतात आणि दोन्हींत तथ्याचा अंशही आहे. पण मोजून पाहिलं की चित्र बरंच वेगळं निघतं. ते मला इतकं आवडतं की यावर धागा काढायचं कधीपासून मनात होतं.

माझं म्हणणं आधीच सांगतो. चेंडूला लागायच्या क्षणी ड्रायव्हरचा (लांब फटक्याच्या सर्वांत लांब क्लबचा) शाफ्ट पुढे, म्हणजे टार्गेटच्या दिशेला वाकलेला असतो. व्यावसायिक खेळाडूंचा असतो तसा बहुतेक हौशी खेळाडूंचाही. आणि याचं मुख्य कारण शाफ्टमध्ये साठलेली ताकद हे नसून क्लबहेडचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या रेषेबाहेर असतो, हे आहे.

आधी लॅगचा कोन घेऊ. उजव्या हाताच्या खेळाडूचा डावा हात आणि क्लब हे मनगटापाशी बिजागरी असलेले दोन दांडे समजा. ब्रिटनमधल्या संशोधनातून १९६८ साली अॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी हे दुहेरी लंबकाचं मॉडेल सविस्तर मांडलं, आणि आजही सुरुवात तिथूनच करावी लागते. बॅकस्विंगच्या (क्लब मागे वर नेण्याच्या) टोकाला दोन दांड्यांत साधारण ९० अंशांचा कोन असतो. डाउनस्विंग, म्हणजे क्लब खाली चेंडूकडे येणं, सुरू झाला की हात क्लबला बऱ्याच अंशी शाफ्टच्या लांबीच्या दिशेनंच ओढतात. ओढ रेषेत असली की कोन उघडायला फारसं कारण उरत नाही, तो टिकून राहतो. डावा हात जमिनीला समांतर येतो त्याच्या आसपास हातांचा मार्ग वळलेला असतो, वेगही वाढलेला असतो, आणि क्लब बाहेर फेकला जायला लागतो. मनगटानं काही केलं नाही तरी जातो. गोफण फिरवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही: हात लहान वर्तुळात फिरतो, दोरी ताणली जाते आणि दगड आपला मोठ्या वर्तुळात जातो.

क्लब उघडत असताना हातांचा वेग घटतो. क्लबहेड त्यांना मागे खेचतं आणि हातांची गतिज ऊर्जा तिकडे जाते. हातांचा वेग चेंडूपाशी पोचण्याआधीच शिखर गाठून उतरणीला लागलेला असतो तो यामुळे.

सगळा डाउनस्विंग पाव सेकंदाचा, फार तर थोडा जास्त. जाणवलं, मग ठरवलं, मग सोडलं, असं करायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. म्हणून 'शेवटी सोड' ही सूचना स्विंग चालू असताना पाळताच येत नाही. सुरुवात कशी केली यावरच कोन कधी उघडणार हे ठरून गेलेलं असतं. कमरेनं आधी वळायचं, मग छाती, मग हात, हा क्रम बरोबर असेल तर लॅग मिळतो. बॅकस्विंगच्या टोकावरूनच मनगटांनी क्लब फेकायला गेलात तर तो लवकर उघडतो आणि चेंडूपाशी पोचेपर्यंत द्यायला काही उरत नाही.

आता शाफ्टचं वाकणं. डाउनस्विंगच्या सुरुवातीला हात पुढे निघतात, जवळपास २०० ग्रॅमचं क्लबहेड जडत्वामुळे मागे राहतं. शाफ्ट मागे वाकतो, टोकाशी मोजलं तर दहा सेंटिमीटरच्या आसपास. इथपर्यंत रेंजवरचा सल्ला बरोबर आहे. पण मग क्लब उघडायला लागतो आणि शाफ्टच्या लांबीच्या दिशेनं ओढ प्रचंड वाढते. ढोबळ हिशोब: क्लबहेडचा वेग सेकंदाला ४५ मीटर (ताशी १०० मैल), मार्गाची त्रिज्या १.५ मीटर धरली, तर ०.२ × ४५² ÷ १.५ म्हणजे २७० न्यूटन. साधारण २७ किलोचं वजन शाफ्टच्या टोकाला लटकवल्यासारखी ओढ.

आणि ड्रायव्हर हातात घेऊन त्याच्याकडे वरून बघा. शाफ्ट हेडच्या टाचेपाशी, म्हणजे खेळाडूकडच्या कडेपाशी, घुसलेला असतो. हेडचं बहुतेक वजन त्या रेषेच्या दोन बाजूंना पसरलेलं असतं: हेडच्या टोकाकडे (टाचेच्या विरुद्ध कडेला), आणि चेहऱ्याच्या, म्हणजे चेंडूला भिडणाऱ्या पृष्ठभागाच्या, मागे. इतकी मोठी ओढ असेल तर तो गुरुत्वमध्य हातांपासून निघणाऱ्या रेषेवर यायला धडपडणार. यायचं तर शाफ्टच्या खालच्या भागाला सरकावं लागतं. मागचं वजन रेषेवर यायचं म्हणून शाफ्ट पुढे वाकतो. टोकाकडचं वजन रेषेवर यायचं म्हणून तो खालच्या बाजूला लवतो आणि हेडचं टोक खाली जातं. दोन्ही वाकणी एकाच वेळी होतात, काही सेंटिमीटरची. पुढे वाकल्यामुळे चेहरा थोडा वर बघायला लागतो, म्हणजे लॉफ्ट (चेहऱ्याचा वरच्या बाजूचा कल) काही अंशांनी वाढतो, आणि चेहरा किंचित बंदही होतो, म्हणजे डावीकडे वळतो.

मला वाटतं शाफ्टचं खरं काम हे आहे. वेग कमी आणि चेहरा कसा येऊन भिडतो हे जास्त. मतं ऐकायला आवडतील.

चाफा

लेख फार आवडला, पण एक शंका आहे. मुलगी खारघरच्या कोर्सवर शिकते, तिचे फोनवर व्हिडिओ काढते मी. त्यात शाफ्ट चेंडूपाशी इतका वाकलेला दिसतो की बघवत नाही. कधी पुढे, कधी मागे, एकाच दिवसात, एकाच क्लबनं. तुम्ही तर काही सेंटिमीटर म्हणताय. कोच म्हणतात शाफ्ट मऊ पडतोय, बदला. बदलू का?

खडूफळा

चाफा, बदलायच्या आधी एक प्रयोग करा, खर्च शून्य.

फोनचा सेन्सर सगळं चित्र एका क्षणात टिपत नाही. एकेक ओळ वाचत जातो, वरून खाली. पहिली ओळ आणि शेवटची ओळ यांच्यात काही मिलिसेकंदांपासून अगदी वीस-तीस मिलिसेकंदांपर्यंत अंतर पडू शकतं. क्लबहेड सेकंदाला ४० मीटरनं चाललं असेल तर दहा मिलिसेकंदांत ते ४० सेंटिमीटर पुढे जातं. चित्रात ग्रिप आधीची आणि हेड नंतरचं असं एकत्र चिकटवलेलं असतं, आणि मधला शाफ्ट कमानीसारखा दिसतो. तो तसा कधीच नव्हता.

फोन आडवा धरून चेंडूसमोरून एक व्हिडिओ काढा. मग फोन तसाच आडवा, पण उलटा करून, म्हणजे वरची कड खाली घेऊन, दुसरा काढा. आता हेड आधी वाचलं जाईल आणि ग्रिप नंतर. वाकण्याची दिशा पालटलेली दिसली, की समजा ते वाकणं कॅमेऱ्याचं आहे. स्लो मोशनवर ठेवलंत तर ओळी वाचायचा वेळ बहुधा कमी होतो आणि कमानही कमी होते. उभा फोन धरला तर वाचन आडव्या दिशेनं होतं, तेव्हा शाफ्ट आखूड किंवा जाड दिसायला लागतो. हा प्रयोग मी अकरावीच्या मुलांना टेबलफॅनची पाती दाखवून करतो, त्यांनाही फार आवडतो.

शाफ्ट बदलायचा निर्णय त्या व्हिडिओवरून अजिबात घेऊ नका.

सह्यकडा

वा! याला जोड म्हणून सांगतो. १९३८ साली एमआयटीच्या हॅरल्ड एजर्टन यांनी डेन्समोर शूट यांच्या स्विंगचं स्ट्रोब लावून छायाचित्र काढलं. शूट म्हणजे १९३३ सालची ब्रिटिश ओपन जिंकलेले. त्या छायाचित्राच्या नावातच शूट शाफ्ट वाकवतात असं म्हटलंय. अंधारात शटर उघडं ठेवायचं आणि अतिशय अल्प काळ लखलखणाऱ्या दिव्यानं एकेक स्थिती गोठवायची, ही त्यांची पद्धत. दिवा लागतो तेव्हा सगळा शाफ्ट एकाच क्षणी उजळतो, त्यामुळे फोनमधला दोष तिथे येत नाही. त्या चित्रातलं वाकणं खरं आहे. स्विंगचे सगळे दांडे पंख्यासारखे उलगडलेले दिसतात, जिथे क्लब वेगात आहे तिथे विरळ आणि जिथे मंद आहे तिथे दाट. मिळालं तर जरूर मोठं करून पाहा.

खडूफळा

रानवारांनी वेगाचा मुद्दा घाईत सोडलाय, तो आकड्यांनी पुरा करतो.

ड्रायव्हरचा शाफ्ट ग्रिपपाशी पक्का आवळून टोक छेडलं, तर मध्यम कडकपणाचा शाफ्ट मिनिटाला साधारण २५० वेळा हलतो. म्हणजे एका हेलकाव्याला ०.२४ सेकंद. यावरून टोकापाशी त्याचा स्प्रिंग स्थिरांक काढता येतो: हेडचं आणि शाफ्टच्या थोड्या भागाचं मिळून ०.२१५ किलो धरलं तर १४७ न्यूटन प्रतिमीटरच्या आसपास. दहा सेंटिमीटर वाकवला तर साठलेली ऊर्जा ½ × १४७ × ०.१², म्हणजे जेमतेम ०.७ ज्यूल.

चेंडूपाशी हेडची गतिज ऊर्जा ½ × ०.२ × ४५² = २०० ज्यूलच्या वर. पाऊण ज्यूल आणि दोनशे ज्यूल! शाफ्ट ही ऊर्जेची कोठी नाहीच.

सह्यकडा

खडूफळा, आकडे मान्य, निष्कर्षावर हरकत आहे. एवढ्यावर विषय बंद करता येणार नाही.

तुमच्याच आकड्यांवरून कोनीय वारंवारता सेकंदाला २६ रेडियन येते. दहा सेंटिमीटर वाकलेलं टोक सरळ होताना हातांच्या तुलनेत २६ × ०.१ = २.६ मीटर प्रतिसेकंद वेग मिळवतं. हेड आधीच ४२ नं चाललंय असं धरा. ४२ अधिक २.६ म्हणजे ४४.६. ऊर्जा १७६ ज्यूलवरून १९९ वर गेली. फरक २२-२३ ज्यूलचा. सहा टक्के वेग म्हणजे ड्राइव्हमध्ये चांगलाच फरक पडतो. साठलेले तर ०.७ होते. मग उरलेले २२ ज्यूल आले कुठून?

टोकदार

सह्यकडांच्या प्रश्नाला +१. आमच्याकडे क्लब बसवून घ्यायला येणारे नेमकं हेच म्हणतात, 'किक (शाफ्ट सरळ होतानाचा झटका) मिळतोय ना, मग मऊ शाफ्टच द्या.'

खडूफळा

प्रश्न नेमका जागेवर बसलाय, आणि उत्तरात सगळी गंमत आहे.

शाफ्ट सरळ होताना हेडला पुढे ढकलतो. त्याच वेळी तो ग्रिपला उलट दिशेला फिरवू पाहतो. हेड वेगात धावतंय, त्यामुळे थोडा जोरही मोठ्या अंतरावर लागतो आणि काम मोठं होतं. ते काम शाफ्टच्या साठ्यातून होत नाही. शाफ्ट फक्त मधला दुवा आहे. ऊर्जा खेळाडूच्या हातांतून आणि फिरणाऱ्या ग्रिपमधून काढली जाते. तुमचे २२ ज्यूल तिथले आहेत.

म्हणजे तुमच्या हिशोबात ४२ हा आकडा तसाच राहील असं धरलंय, ते राहत नाही. किक मिळाला की ग्रिपचा फिरण्याचा वेग तेवढ्या प्रमाणात घटतो. साशो मॅकेन्झी आणि एरिक स्प्रिगिंग्ज यांनी २००९ साली स्विंगचं त्रिमितीय संगणकीय मॉडेल करून शाफ्टचा कडकपणा बदलून पाहिला. मऊ शाफ्टमध्ये सरळ होण्याचा वेग वाढला, पण ग्रिपचा कोनीय वेग कमी झाला, आणि हेडच्या अंतिम वेगात फरक फार थोडा उरला. चेंडूपाशी लॉफ्ट किती येतो यात मात्र फरक स्पष्ट होता. शाफ्ट पुढे वाकण्यात मोठा वाटा त्या लांबीच्या दिशेच्या ओढीचा, हेही त्यातून पुढे आलं.

रानवारा

हे फार छान मांडलंत, मूळ धाग्याला हवं होतं तेच. यात अजून एक जोडतो. पुष्कळांना वाटतं की चेंडू चेहऱ्याला लागलेला असताना शाफ्ट मागून रेटा देतो. चेंडू चेहऱ्याला चिकटून असतो अर्धा मिलिसेकंदभर, तेवढ्यात हेड फक्त दोन सेंटिमीटर पुढे जातं. ४६ ग्रॅमचा चेंडू शून्यावरून सेकंदाला ६६ मीटर वेगानं सुटायचा तर सरासरी जोर सहा हजार न्यूटनच्या घरात लागतो. वाकलेला शाफ्ट बाजूनं किती देणार? पाच सेंटिमीटर वाकला असेल तर सात न्यूटन. हजारातला एक भाग! त्या अर्ध्या मिलिसेकंदात क्लबहेड जवळपास सुटं असल्यासारखंच वागतं. आपले हात काय करतात याला तेव्हा अर्थ नसतो, अर्थ असतो तो त्याआधीच्या पाव सेकंदाला.

अंशुमती

मी पुण्यात खेळते. मला दुकानात पहिल्या दिवशी न विचारता 'लेडीज' म्हणून एल अक्षराचा, म्हणजे सगळ्यात मऊ, शाफ्ट दिला. माझा ड्रायव्हर स्पीड आमच्या ग्रुपमधल्या दोघा पुरुषांपेक्षा जास्त आहे, ते त्याहून कडक आर वापरतात. चेंडू माझा उंच उंच जातो आणि डावीकडे वळतो. वरचं वाचून वाटतंय की मऊ शाफ्टमुळेच लॉफ्ट वाढतोय आणि चेहरा बंद होतोय. बरोबर आहे का?

टोकदार

अंशुमतीताई, शक्यता दाट आहे. हेडचा वेग जास्त, म्हणजे ओढ जास्त, आणि शाफ्ट मऊ, म्हणजे पुढे वाकणं जास्त. लॉफ्ट वाढणं आणि चेहरा डावीकडे वळणं दोन्ही त्यातून येतं. पण ग्रिप आणि स्विंगचा मार्ग हीसुद्धा डावीकडे जाण्याची मोठी कारणं आहेत, ती आधी कुणाला तरी तपासायला सांगा.

अक्षरांबद्दल: एल, ए, आर, एस, एक्स ही मऊपासून कडकपर्यंतची अक्षरं कुठल्याही प्रमाणावर बांधलेली नाहीत. एका कंपनीचा आर दुसऱ्या कंपनीचा एस निघतो. आम्ही शाफ्ट चिमट्यात आवळतो, टोक खाली ओढून सोडतो आणि मिनिटाला किती हेलकावे होतात ते यंत्रावर वाचतो. तो आकडा विचारा. त्याहून महत्त्वाचं, शाफ्टचं वजन. ४५ ग्रॅमचा आणि ६५ ग्रॅमचा शाफ्ट एकाच कडकपणाचे असले तरी हातात पूर्ण वेगळे लागतात आणि खेळाडूचा टायमिंग त्याप्रमाणे बदलतो. आर आणि जरा कडक असे दोन शाफ्ट त्याच हेडवर लावून लाँच मॉनिटरवर (चेंडूचा वेग आणि दिशा मोजणाऱ्या यंत्रावर) मारून पाहा. वेग बघू नका, चेंडू किती अंशांनी वर निघतो आणि कुठल्या दिशेला निघतो ते बघा.

देवगिरी

इतिहासाचा एक धागा जोडू का? हिकरीच्या लाकडी शाफ्टच्या काळात वाकण्यापेक्षा पिळण्याचा त्रास मोठा होता. वरच्या लेखात हेडचं वजन रेषेबाहेर असतं म्हटलंय, त्याचाच हा दुसरा परिणाम: डाउनस्विंगमध्ये हेड मागे राहतं तेव्हा शाफ्टला पीळ बसतो. लाकूड पीळ फारसा झेलत नाही, चेहरा उघडा राहतो. त्या काळचे खेळाडू संथ लयीत, हातांनी चेहरा फिरवत खेळत त्याचं एक कारण हे. अमेरिकेत स्टीलच्या शाफ्टला १९२४ साली परवानगी मिळाली, ब्रिटनमध्ये आर अँड ए या नियम ठरवणाऱ्या संस्थेनं ती १९२९ साली दिली. नळी स्टीलची, पीळ जवळजवळ नाही, आणि स्विंगची सगळी शैलीच बदलली. ग्रॅफाइटचा शाफ्ट फ्रँक थॉमस यांनी १९६९ साली बनवला. हलका होता, पण सुरुवातीच्या ग्रॅफाइटमध्ये पिळण्याचा जुना प्रश्न पुन्हा आला. तंतू तिरप्या कोनात गुंडाळायची पद्धत सुधारत गेली तसा तो आटोक्यात आला.

मधली फळी

वाचतोय, सगळेच प्रतिसाद अप्रतिम. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. आपला गोल्फपटू उदयन माने टोकियो ऑलिंपिकला गेला तेव्हापासून गोल्फचं वेड लागलंय त्याला. तो आरशासमोर उभा राहून मनगट वाकवून लॅगची पोज धरतो आणि तशीच धरून खाली येतो. चेंडू उजवीकडे, बुटका. काय सांगू त्याला?

रानवारा

मधली फळी, पोज धरून खाली आला की दोन गोष्टी होतात. मनगटं आवळलेली असल्यामुळे क्लब उशिरा उघडतो, चेंडूपाशी हात फार पुढे आणि हेड मागे राहतं, लॉफ्ट कमी होतो. चेहरा टार्गेटकडे सरळ यायला वेळच मिळत नाही, उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, राहतो. बुटका आणि उजवीकडे, दोन्ही तिथून येतं.

त्याला ग्रिप सैल करायला सांगा, विशेषतः उजव्या हाताची. मग क्लब उलटा धरून, हेडच्या बाजूनं, हवेत फिरवू दे. सूं असा आवाज येईल. तो आवाज कुठे येतो ते डोळे मिटून ऐकू दे. उजव्या खांद्यापाशी आला तर मनगटं लवकर सुटतायत. चेंडूच्या जागी किंवा तिच्या किंचित पुढे आला तर जमतंय. मुलांना कोनापेक्षा आवाज लवकर कळतो. आणि कमरेपासून सुरुवात, हे मात्र रोज.

इम्पॅक्टच्या, म्हणजे चेंडूला लागायच्या, आधी हात किंचित वर, शरीराकडे ओढले जातात त्यानंही हेडचा वेग वाढतो. मिउरा या संशोधकांनी २००१ साली याचा अभ्यास मांडलाय. चांगल्या खेळाडूंचा डावा पाय चेंडूपाशी सरळ होताना दिसतो तो याच कामाला मदत करतो. पण चौदाव्या वर्षी हे मुद्दाम शिकवू नये असं माझं मत, पायात ताकद आली की ते आपोआप येतं.

चाफा

खडूफळा सर, फोन उलटा करून पाहिला. वाकणं खरंच पालटलं! कोचनाही दाखवलं. शाफ्ट आहे तोच राहतोय. आता शेवटचा प्रश्न: हे सगळं ड्रायव्हरचं झालं, आयर्नलाही (धातूच्या पातळ हेडच्या क्लबलाही) असंच लागू होतं का? तिची सात नंबरची आयर्न टोकाच्या बाजूनं माती खणते.

टोकदार

आयर्नचं हेड पुढून मागे पातळ असतं, गुरुत्वमध्य शाफ्टच्या रेषेच्या फारसा मागे नसतो. शिवाय शाफ्ट आखूड आणि कडक. म्हणून पुढे वाकणं ड्रायव्हरपेक्षा बरंच कमी. पण टोकाकडे वजन असतंच, त्यामुळे खाली लवणं राहतं, आणि माती टोकाकडून खणली जाण्याचं एक कारण ते असू शकतं.

क्लब जमिनीवर नुसता टेकवून लाय (शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) बघू नका, लवणं फक्त स्विंगमध्ये होतं. सोलला, म्हणजे हेडच्या तळाला, टेप लावा, प्लास्टिकच्या लाय बोर्डवर चेंडू ठेवून पाच-सहा शॉट मारू द्या. खूण टोकाकडे पडत असेल तर लाय तिच्यासाठी जास्त आडवी आहे, एक-दोन अंश उभी करून घ्यावी लागेल. टाचेकडे पडत असेल तर उलट. मुलगी अजून उंच होतेय, तेव्हा दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. फोर्ज्ड (ठोकून घडवलेलं) हेड असेल तर वाकवून मिळतं, कास्ट (ओतीव) असेल तर आधी विचारून घ्या, काही हेड वाकवताना तडकतात.